भीड चेपायची कशी? रोजच्या जगण्यात कॉन्फिडन्स कमवायचा सविस्तर मार्ग

फोन वाजला की मी तो वाजू द्यायचे. थांबला की दोन मिनिटांनी मेसेज, "सॉरी, फोन सायलेंटवर होता, काही काम होतं का?" हे किती वर्षं केलं असेल त्याचा हिशोब नाही. कोणाला साधी तारीख विचारायला फोन करायचा तरी आधी पोटात गोळा, मग वाक्य कागदावर लिहून घ्यायचं, मग नंबर लावायचा आणि समोरच्याने उचलायच्या आत कट. आणि हीच मी कामाच्या ठिकाणी नव्या लोकांना तासन्तास शिकवायचे, तिथे कसली भीती नाही की काही नाही. मग मला कॉन्फिडन्स होता म्हणायचा की नव्हता?

या प्रश्नावर विचार करता करता एक गोष्ट लक्षात आली की कॉन्फिडन्स ही रक्तगटासारखी कायमची गोष्ट नाहीच, तो कामागणिक वेगळा असतो. गाडी चालवण्यातला वेगळा, अनोळखी माणसाशी बोलण्यातला वेगळा. त्यामुळे "माझ्यात आत्मविश्वासच नाही" हे वाक्य जवळजवळ नेहमी खोटं असतं, आणि खोटं असण्यापेक्षा वाईट म्हणजे बिनकामाचं असतं, कारण त्यावर करणार काय?

आपल्याकडे यासाठी फार नेमका शब्द आहे, भीड चेपणं. भीड विचार करून जात नाही, ती चेपते, म्हणजे वावरून वावरून दबते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 साली जे मांडलं तेही याच्या फार लांब नाही. एखादं काम आपल्याला जमेल हा विश्वास चार ठिकाणांहून येतो असं त्यांचं म्हणणं: स्वतः ते काम करून पाहिल्याने, आपल्यासारख्याच कोणाला ते करताना पाहिल्याने, कोणी धीर दिल्याने, आणि त्या वेळी शरीर काय सांगतंय त्यावरून. यात सगळ्यात जोरदार पहिलं. सापाची प्रचंड भीती असलेल्या लोकांवर त्यांनी प्रयोग केले होते, तर ज्यांनी मदतीने का होईना पण स्वतः साप हाताळला त्यांचा विश्वास नुसतं बघणाऱ्यांपेक्षा जास्त पक्का झाला. आपण मात्र उलटं धरून बसतो, आधी विश्वास वाटू दे मग करीन. तो तसा येत नाही, कामाच्या मागून येतो, तोही रमतगमत.

तर आता करायचं काय ते सांगते. मी ज्या क्रमाने केलं त्याच क्रमाने, फक्त माझ्या चुका वजा करून.

आधी एक आठवडा नुसतं टिपून ठेवा

काही बदलू नका. एक छोटी वही किंवा फोनमधलं नोट्स घ्या आणि दिवसभरात जिथे जिथे कच खाल्ली ते एका ओळीत लिहा. कच खाणं म्हणजे फक्त पळून जाणं नाही हां. प्रश्न विचारायचा होता पण गप्प बसले, हेही. हो म्हणायचं नव्हतं तरी हो म्हटलं, हेही. फोन करायच्या जागी मेसेज केला, कोणी कौतुक केलं तर "छे, त्यात काय" म्हणून उडवून लावलं, साधा तीन ओळींचा ईमेल अकरा वेळा वाचून मग पाठवला, हे सगळं लिहा.

आठवड्याने वही उघडलीत की दिसेल, पंधरा-वीस नोंदी आहेत पण त्या सगळ्या दोन-तीनच जातीच्या आहेत. कोणाचं मागण्यापाशी अडतं, कोणाचं नकार देण्यापाशी, कोणाचं चार लोकांत तोंड उघडण्यापाशी. माझ्या वहीत फोन आणि मीटिंग सोडून फारसं काही नव्हतंच, आणि मी स्वतःला सरसकट भित्री म्हणवून घेत होते!

यातली एकच जात निवडा. सगळ्यात भीतीदायक वाटते ती नको, रोज नडते ती घ्या. वर्षातून एकदा स्टेजवर जायची भीती राहू दे बाजूला, रोज मीटिंगमध्ये गप्प बसता ते आधी.

आणि निवडताना एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारा: कोणी बघत नसताना हे मला जमतं का? जमत असेल तर ती भीड. नसेल जमत तर तो कॉन्फिडन्सचा प्रश्नच नाही, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. नवीन सॉफ्टवेअर येत नाही म्हणून घाम फुटत असेल तर महिनाभर सॉफ्टवेअर शिका, आरशासमोर उभं राहून काही होणार नाही. हे वाचताना सोपं वाटतं, पण कित्येक लोक न्यूनगंड न्यूनगंड करत बसतात आणि खरं दुखणं निव्वळ प्रॅक्टिसचं असतं.

मग पायऱ्या पाडा, आणि बारीक पाडा

बहुतेक लोक इथेच फसतात, मीही फसले, म्हणून जरा जास्त लिहिते.

निवडलेली गोष्ट घ्या आणि तिचे सोप्यापासून अवघडपर्यंत सहा-सात तुकडे करा. प्रत्येकाला 0 ते 100 मध्ये भीतीचा आकडा द्या, 0 म्हणजे काहीच नाही आणि 100 म्हणजे हातपाय गळाले. माझी मीटिंगची यादी अशी होती. पाच मिनिटं आधी जाऊन शेजारी बसलेल्याशी दोन वाक्यं बोलणं, 15. कोणी मुद्दा मांडला की "मलाही असंच वाटतं" हे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणणं, 30. घरून लिहून आणलेला एक प्रश्न विचारणं, 40. न लिहिता तिथेच सुचलेला प्रश्न, 55. स्वतःच्या कामाबद्दल दोन मिनिटं सलग बोलणं, 65. आणि बॉसच्या म्हणण्याला सगळ्यांदेखत "मला हे पटत नाही, कारण..." असं म्हणणं, 90.

सुरुवात 30-40 च्या आसपास करा. 10 वाली पायरी इतकी सोपी असते की ती करून मनाला काही नवीन कळत नाही, आणि 90 वाली अंगावर येते. एक पायरी एकदा करून सोडायची नाही, तीच पुन्हा पुन्हा, शक्यतो लागोपाठच्या दिवसांत, जोपर्यंत तिचा आकडा निम्म्यावर येत नाही तोपर्यंत. 40 चा 20 झाला की पुढची. आठवड्यातून एकदा केलं तर मधल्या सहा दिवसांत भीती परत आपल्या जागेवर येऊन बसते.

आता माझी फजिती. "मलाही असंच वाटतं" हे मी दोन मीटिंगमध्ये म्हणाले, बरं वाटलं, आणि त्या भरात पुढच्या आठवड्याचं प्रेझेंटेशन मी करते म्हणून हात वर केला. एकदम 30 वरून 90. त्या दिवशी लॅपटॉप स्क्रीनला जोडलाच जाईना, चार मिनिटं सगळे माझ्याकडे बघतायत, आणि जोडला गेला तेव्हा आवाज असा कापायला लागला की स्वतःचं नाव सांगतानाही ततपप. कोणी हसलं नाही, पण मी पुढचे सहा महिने भिंतीला टेकून शेवटच्या खुर्चीत. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही हे खरंच आहे, पण पडायचं कुठे, कमरेएवढ्या पाण्यात की डोहात, हे आपल्याला ठरवता येतं.

एखादी पायरी दोन-तीन वेळा करूनही अंगावरच येत असेल तर स्वतःला शिव्या घालू नका, मध्ये अजून एक पायरी घाला. लिहिलेला प्रश्न सगळ्यांत विचारता येत नाही? मग आधी मीटिंग संपल्यावर एकाच माणसाला विचारा. झाली मधली पायरी.

अंदाज आधी लिहा, निकाल नंतर

माझ्या बाबतीत सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला तर याचा. पायरी करायच्या आधी दोन ओळी, काय होईल असं वाटतंय. झाल्यावर दोन ओळी, खरंच काय झालं. माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी:

"अंदाज: प्रश्न विचारला तर सगळे वळून बघतील, सर म्हणतील हे मागच्या वेळी सांगितलं होतं, चेहरा लाल होईल. झालं काय: सर म्हणाले चांगला प्रश्न, मलाही बघावं लागेल. दोघांनी मान हलवली. एक जण फोनमध्येच होता. चेहऱ्याचं माहीत नाही."

ते "एक जण फोनमध्येच होता" फार महत्त्वाचं आहे. आपल्याला वाटतं लोकांचं सगळं लक्ष आपल्यावर, आणि लोक आपापल्या विवंचनेत. थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2000 सालचा एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टीशर्ट घालून बाकीचे बसलेल्या खोलीत पाठवलं आणि विचारलं, किती जणांनी तुझा टीशर्ट ओळखला असेल? त्यांना वाटलं जवळजवळ निम्म्यांनी. प्रत्यक्षात ओळखला चौथ्या हिश्श्याच्या आसपास लोकांनी. म्हणजे जी गोष्ट जगजाहीर झाली असं वाटून आपण जमिनीत गाडून घ्यायला बघतो ती बऱ्याच जणांना दिसलेलीही नसते.

पण हे नुसतं वाचून भीती जात नाही, मला हा प्रयोग आधीपासून माहीत होता तरी मी शेवटच्याच खुर्चीत होते. स्वतःच्या अक्षरात वीस अंदाज चुकलेले दिसले की मग कुठे मन ऐकायला लागतं. निकाल लिहिताना एक पथ्य, जे डोळ्यांनी दिसलं आणि कानांनी ऐकलं तेवढंच लिहायचं. "त्यांना मी मूर्ख वाटले असणार" हा निकाल नाही, तो परत अंदाजच झाला.

कधी अंदाज खराही ठरतो. सर खरंच वैतागतात. तेही लिहा, आणि त्याखाली लिहा की मग पुढे काय झालं. बहुतेक वेळा पुढे काहीच झालेलं नसतं.

चोरवाटा बंद करा

इथे मी बरीच वर्षं अडकले होते. मीटिंगला जात होते, बोलतही होते, तरी भीती जाईना. कारण मी प्रत्येक वाक्य आधी मनात तीन वेळा घोळवून मग भरभर बोलून टाकत होते, कोणाकडे न बघता, हातात पेन घट्ट धरून. ठीक पार पडलं की मन म्हणायचं, बघ, घोळवलं म्हणून वाचलीस. श्रेय सगळं घोळवण्याला आणि पेनाला, मला शून्य.

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी 1995 मध्ये लोकांत वावरण्याच्या भीतीबद्दल जी मांडणी केली त्यात अशा सवयींना मोठी जागा आहे. स्वतःला वाचवायला म्हणून केलेली ही गोष्टच भीती जिवंत ठेवते, आणि वर आपलं लक्ष समोरच्यावरून उडून सारखं स्वतःवर, आवाज कापतोय का, हात कुठे ठेवू.

तुमच्या चोरवाटा तुम्हाला माहीत असतील. कार्यक्रमात फोन काढून काहीतरी महत्त्वाचं बघितल्यासारखं करणं. प्रत्येक वाक्याआधी "मी चुकत असेन, पण". सोबतीला कोणीतरी असल्याशिवाय न जाणं. सारखं "बरोबर आहे ना?" विचारणं. पायरी तीच ठेवून एका वेळी एक चोरवाट काढून टाका, आधी पेन खाली ठेवा, मग माफीवाली सुरुवात गाळा. आणि लक्ष मुद्दाम बाहेर न्या, समोरचा नेमका कोणता शब्द वापरतोय, त्याला काय विचारायचं आहे. ऐकण्यात खरोखर गुंतलं की स्वतःकडे बघायला मन रिकामं राहत नाही.

तयारी करणं म्हणजे चोरवाट का? नाही. मुद्दे काढणं ही तयारी, शब्दन् शब्द पाठ करणं ही चोरवाट. मी आता फक्त पहिली दोन वाक्यं पक्की ठेवते, कारण गाडी सुरू होतानाच गचके खाते, नंतर चालते.

धडधडीचं काय करायचं

काही नाही. म्हणजे ती थांबवायच्या मागे लागायचं नाही. "शांत हो, शांत हो" म्हणून आजवर कोणी शांत झालेलं मी पाहिलं नाही. भीतीत आणि उत्साहात शरीर जवळपास सारखंच वागतं, छाती धडधडते, तळवे ओले होतात. ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या 2014 च्या संशोधनात लोकांना अनोळखी माणसांसमोर गाणं म्हणायला किंवा भाषण करायला लावलं होतं, आणि त्याआधी ज्यांनी "मला घबराट झालीये" ऐवजी "मला उत्साह वाटतोय" असं मोठ्याने म्हटलं ते जास्त चांगलं गायले. मला "उत्साह" म्हणणं जरा नाटकी वाटतं, मी म्हणते "गाडी गरम झाली, आता निघायला हरकत नाही". शब्द तुमचा तुम्ही शोधा.

श्वास सोडताना तो घेतल्यापेक्षा लांब सोडायचा, चार-पाच वेळा. हे चालतं. बोलताना मुद्दाम हळू बोला, आणि पहिलं वाक्य संपल्यावर एक पूर्ण श्वास घ्या, तेवढ्या शांततेत जग बुडत नाही.

अंग पसरून ऐटीत बसलं किंवा उभं राहिलं की शरीरातली हार्मोन्स बदलतात असं सांगणारं 2010 चं एक संशोधन खूप गाजलं होतं. पुढे 2015 मध्ये जास्त लोकांवर तोच प्रयोग झाला तेव्हा हार्मोन्समध्ये तसा फरक दिसला नाही, आणि मूळ संशोधकांपैकी एकीने नंतर जाहीरपणे सांगितलं की माझा आता यावर विश्वास नाही. ताठ बसा, बरं दिसतं, पण त्यावर विसंबू नका.

आरशासमोरची वाक्यंही तशीच. जोआन वुड यांच्या 2009 च्या अभ्यासात "मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे" असं वाक्य स्वतःशी म्हणायला लावलं तर ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच चांगलं होतं त्यांना थोडं बरं वाटलं, आणि ज्यांचं वाईट होतं त्यांना उलट जास्त वाईट वाटलं. मन लगेच म्हणतं ना, थापा मारू नकोस! त्यापेक्षा खरं वाक्य वापरा. "मी जबरदस्त आहे" नाही, "मागच्या चार मीटिंगमध्ये मी बोलले, त्यातल्या तीन ठीक झाल्या". याला मन काय उत्तर देणार.

मागणं आणि नाही म्हणणं

या दोन गोष्टी रोज लागतात म्हणून वेगळ्या काढल्या. मागताना आपण नकाराचा अंदाज फार फुगवून बांधतो. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक यांनी 2008 मध्ये हेच तपासलं. पाच लोकांकडून फॉर्म भरून घ्यायला किती जणांना विचारावं लागेल, तर लोकांचा अंदाज साधारण 20, प्रत्यक्षात 10 च्या आसपास लोकांनाच विचारावं लागलं. तेव्हा मागा, एका वाक्यात, पाल्हाळ न लावता: "मला या रिपोर्टमध्ये अर्धा तास मदत हवी आहे, उद्या सकाळी जमेल का?" एवढं बोलून गप्प बसायचं. गप्प बसणंच अवघड असतं, आपण लगेच "नसेल जमत तर राहू दे" जोडतो आणि स्वतःच्या हाताने नकार देऊन टाकतो.

नाही म्हणायची सुरुवात नाहीपासून करू नका, वेळ मागण्यापासून करा. "बघून संध्याकाळी सांगते." ही पायरी 20 ची. मग "या आठवड्यात नाही जमणार." कारणं एकापेक्षा जास्त देऊ नका, दिलेल्या प्रत्येक कारणावर समोरचा तोडगा काढतो आणि मग अडकायला होतं. जवळच्या माणसांना नाही म्हणणं परक्यांपेक्षा कठीण जातं, ते यादीत वरच्या पायरीवर ठेवा, घाई नको.

फसलं त्या रात्री

फसणार आहेच. आणि फसल्यावर रात्री अंथरुणावर जो सिनेमा लागतो, मी असं का बोलले, त्याने असं का बघितलं, तो दिवसभराच्या भीतीपेक्षा जास्त नुकसान करतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो रात्री अकरानंतरच येत असावा. यावर माझा नियम, दहा मिनिटं घड्याळ लावून वहीत लिहायचं: काय झालं, त्यातलं माझ्या हातात काय होतं, पुढच्या वेळी कोणती एकच गोष्ट वेगळी करीन. वही बंद. परत सिनेमा लागला तर स्वतःला "उद्या वहीत" म्हणायचं. आणि हेच मैत्रिणीचं झालं असतं तर तिला काय म्हटलं असतं तेच, त्याच आवाजात स्वतःला म्हणा. आपण परक्याला बोलणार नाही ते स्वतःला सहज बोलतो.

फसलेली पायरी दोन-तीन दिवसांत परत करा, नाहीतर मग माझ्यासारखे सहा महिने जातात.

किती दिवस?

21 दिवसांत सवय लागते वगैरे सोडून द्या. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 लोकांवर अभ्यास केला, 2010 मध्ये छापून आला, त्यात एखादी रोजची गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, पण कोणाला 18 आणि कोणाच्या बाबतीत हिशोब 254 पर्यंत गेला. मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही हेही त्यात दिसलं. ते काम साध्या सवयींबद्दलचं होतं, भीतीबद्दलचं नाही, तरी धीर धरायला पुरेसं आहे. एका जातीच्या भिडेला दोन-तीन महिने धरून चाला.

एक मात्र. भीतीमुळे कॉलेज, नोकरी, घराबाहेर पडणंच बंद होत आलं असेल, किंवा आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाला गाठा. पायऱ्या तिथेही पाडतात, पण धरायला हात असतो.

माझी फोनची पायरी अजून चालू आहे. मागच्या आठवड्यात अनोळखी नंबर आला आणि मी तिसऱ्या रिंगला उचलला, हातात कागद नाही, पेन नाही. वहीत लिहिलंय, अंदाज: कोणीतरी चिडलेलं असेल आणि मला उत्तर सुचणार नाही. झालं काय: राँग नंबर.